केरसुणीचं शास्त्र

आमच्या रेवूच्या शाळेत गव्हाणे सर हेडमास्तर. त्यांच्यापाशी प्रत्येक गोष्टीला शास्त्र असायचं.

रेवू पहिलीत जाऊन महिना झाला, तरी तिला 'ग' काढता येईना. विचारलं तर म्हणाली, "आई, पोरं अक्षरं गिरवतात तेव्हा आम्ही पोरी वर्ग झाडतो." माझी शाळा सातवीत सुटली, हिची पहिलीतच सुटायची.

पालकसभेत मी उठले. "सर, झाडायचं काम पोरींनाच का?"

सर हसले. "अहो ताई, केरसुणी म्हणजे साक्षात लक्ष्मी. आणि लक्ष्मी बाईच्याच हातात शोभते. शास्त्र आहे ते."

बापेमाणसांनी माना डोलावल्या. सरांच्या बायको गव्हाणेबाई, त्याच शाळेत दुसरीला शिकवायच्या, त्या खाली मान घालून बसल्या होत्या. पगाराच्या दिवशी एटीएमच्या खोलीत सर आणि बाहेर उन्हात बाई, हे सगळ्या गावानं पाहिलेलं.

"पटलं सर," मी म्हटलं. "पण पगार म्हणजेसुद्धा लक्ष्मीच की. मग बाईंचं कार्ड तुमच्या खिशात कसं शोभतं?"

सरांचा हात आपसूक खिशावर गेला. बाईंनी मान वर केली आणि शांतपणे हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी सांगितलं की लक्ष्मीला कुणाचेही हात चालतात, शास्त्रच आहे तसं. तेव्हापासून पोरंही पाळीनं वर्ग झाडतात आणि रेवू 'ग' गिरवते. गव्हाण्यांचा 'ग'.