हणमव्वाचा डबा

“…मग मंडळ मोडूनच टाकू का, बाबा?”

टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्याशी तीन दगडांची चूल होती, तिच्यापुढे बसून दर्गा सांभाळणारे करीमबाबा भाकरी थापत होते.

यल्लप्पा धोत्रे पायरीवर बसला होता. टेकडीखाली दगडखाणीची वस्ती, पत्र्याची साठेक घरं. लहानपणी याच पायरीवर बाबांनी त्याला फरशीच्या तुकड्यावर कोळशाने अक्षरं गिरवायला शिकवली होती. आता तो चोवीस वर्षांचा होता आणि वस्तीतली तरणी पोरंपोरी त्याचा शब्द खाली पडू देत नव्हती.

मंडळ त्यानेच उभं केलं. खडी फोडणाऱ्या मुलींना शिवणकाम शिकवलं, पोरांना वायरमनच्या कामाला लावलं. आणि ज्यांना करून घालणारं कोणी उरलं नव्हतं अशा नऊ म्हाताऱ्यांना रोज दुपारी घरोघरच्या स्वयंपाकातून डबा सुरू केला. दोन वर्षांत एकदाही खाडा झाला नव्हता.

गेल्या रविवारी शहरात त्याचा सत्कार झाला. टेम्पो भरून सगळं मंडळ गेलं. डब्यांचं कोणीतरी बघितलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

यल्लप्पाला शाल घातली, बोलायला सांगितलं. तो म्हणाला, “आमच्या वस्तीत आता कोणी उपाशी राहत नाही.” टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

त्या वेळी त्या नऊ जणांतली हणमव्वा आपल्या खोपटात एकटीच पडलेली होती. सोमवारी डबा घेऊन गेलेल्या मुलीला ती मेलेली सापडली. शनिवारचा रिकामा डबा तिने घासून, पुसून दारापाशी पालथा घालून ठेवला होता.

“डॉक्टर म्हणाले, रविवारी संध्याकाळपर्यंत तिच्यात जीव असावा,” यल्लप्पा म्हणाला. “दुपारी कोणी गेलं असतं तर…”

बाबांनी भाकरी उलटली.

“मी तिला आजी म्हणायचो, बाबा.”

“हं.”

“आणि तिकडे माइकवर मी काय बोललो… खोटं बोललो.”

“त्या दिवशी ते खोटं होतं.”

यल्लप्पाने मान वर केली. या बोलण्यात कुठेतरी दिलासा असेल असं त्याला वाटलं.

“आज वार कोणता?” बाबांनी विचारलं.

“गुरुवार.”

“बाकीच्या आठ जणांना डबा कोण देतं?”

खाणीत सुरुंग उडाला. पायरीवर बारीक धूळ उतरली.

“मंडळाने दुखवटा पाळलाय,” यल्लप्पा हळू आवाजात म्हणाला. “मीच सांगितलं सगळ्यांना. दहा दिवस सगळं काम…”

बाबा चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिले.

“मीही मंगळवारपासून काही खाल्लेलं नाही, बाबा.”

“त्या आठ जणांना कळवलंस का हे?”

यल्लप्पाने दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं. तो रडला नाही. रडायलाही आता तोंड उरलं नाही, असं त्याला वाटलं. खाली वस्तीत कुणाच्याच पत्र्यावर धूर दिसत नव्हता. सगळे खाणीवर गेले होते. मागे राहिले होते ते फक्त म्हातारे.

बाबांनी दोन गरम भाकऱ्या, वर लाल चटणी आणि कांदा फडक्यात बांधला. गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं.

“तिमण्णाकडे ने.”

यल्लप्पा दचकला. तिमण्णा हणमव्वाचा भाऊ, त्या आठ जणांतलाच, वेगळ्या खोपटात एकटा राहणारा. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. सरणाजवळ त्याने यल्लप्पाचा आवाज ओळखला होता आणि चारचौघांत सांगितलं होतं, माझ्या दारात परत पाय ठेवू नकोस.

“बाबा, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.”

“इथे दुसरं कोण आहे?”

गाठोड्याची ऊब त्याच्या मांडीला लागत होती. तो तसाच बसून राहिला.

“यानं माझं पाप फिटेल का?”

“नाही.”

“तिमण्णा मला माफ करेल?”

“नाही करणार.”

“मला बघून… माझा आवाज ऐकून तो दारसुद्धा उघडणार नाही, बाबा.”

“नाही उघडणार.”

“मग नेऊन काय करू?”

करीमबाबांनी पिठाची परात खरवडली. उरलेल्या पिठाचा गोळा केला आणि पुन्हा थापायला घेतला. त्यांनी वर पाहिलं नाही.

“उंबऱ्यावर ठेव. वासावर येईल तो बाहेर. तोवर कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नकोस… आणि तू तिथे उभा आहेस, हे त्याला कळू देऊ नकोस.”