सहाशे अकरा दिवस

"बाबा, अजून किती वेळ?"

"त्येला इचार."

टपालबाबांनी समोरच्या पडद्याकडे बोट केलं. पडदा निळा होता आणि त्यावर लिहिलं होतं, चौतीस टक्के.

तुषार बोंद्रे दाराशीच उभा होता. डोंगर चढून आला होता, दम लागला होता, आणि आल्या आल्या थांबावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. तालुक्याच्या गावी एक धर्मादाय इस्पितळ आहे. तिथले सगळे संगणक, आणि त्या सगळ्यांची माहिती ज्यात राहते तो मोठा सर्व्हर, त्याच्या ताब्यात. माणूस हुशार. आपण हुशार आहोत हे त्यालाही ठाऊक होतं, अडचण असली तर एवढीच.

"बूट काढ. बस."

तो बसला.

बाबा म्हणजे काही जटा-भस्मवाले बाबा नव्हेत. चौतीस वर्षं या डोंगरातल्या वाड्यांना सायकलवरून टपाल वाटलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पत्रं वाचून दाखवली आणि कुणाचं कुणाला सांगितलं नाही. एवढ्यावर लोकांनी त्यांना बाबा केलं. पुढे सुरतेला, पुण्याला गेलेली माणसं मन मोकळं करायला संगणकावरून लिहू लागली. शाळेच्या गुरुजींनी आपला जुना संगणक आणून दिला. बाबा दोन बोटांनी उत्तरं देतात. सावकाश देतात, पण प्रत्येकाला देतात.

"हे अपडेट आजच आलं?" तुषारनं विचारलं.

"सकाळी."

"आणि लगेच करायला घेतलंत?"

"न्हाई. आधी च्या घेतला."

तुषार हसला. मागे वळून त्यानं दाराकडे पाहिलं. साधं फळ्यांचं दार, वाऱ्यानं हलत होतं.

"तुमच्या दाराला साधी कडी नाही. आणि या खोक्याला मात्र एवढं जपता?"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं.

एकेचाळीस टक्के.

"बाबा, मला झोप लागत नाही."

"कवापासनं?"

"दीड महिना झाला."

"कामात काय बिघडलंय?"

"छे! काम चोख आहे. माझा सर्व्हर सहाशे अकरा दिवस सलग चालू आहे. एकदाही बंद नाही. आमच्यात हा आकडा लोक मिरवतात."

"रोज मोजतोस?"

"रोज सकाळी. गेल्या गेल्या."

बाबांनी गुडघा चोळला.

"मी सायकल चालवली एवढी वरसं. कवा मोजलं न्हाई. एकदा घाटात ब्रेक गेला, आन् नवा घालायचा म्हटलं की जीव घाबरा व्हायचा, घालताना मोडलंच तर? तशीच बिनब्रेकची चालवली, आन् तवा मातुर मोजायला लागलो. आज आठ दिस झालं, पडलो न्हाई. आज नऊ दिस झालं..."

तुषारचं हसू मावळलं.

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली. बाबा वाट बघत बसले. वाट बघणं त्यांना चांगलं जमतं.

"सहाशे बारा दिवसांपूर्वी काय झाल्तं?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"अपडेट केलं होतं."

"आन्?"

"सर्व्हर पुन्हा उठलाच नाही. चार तास. बाबा, आमच्याकडे डायलिसिस चालतं. कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, कुणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं त्यात. सतरा माणसं बाहेर बाकावर बसून होती. पाय सुजलेली, धाप लागलेली. एक म्हातारी मला म्हणाली, लेकरा, आमचं काय चुकलं?"



"त्यानंतर मी कधी बंद केला नाही. दीड महिन्यापूर्वी सुरक्षेचं अपडेट आलंय. बसवायचं तर सर्व्हर बंद करून परत सुरू करावा लागतो. तो रोज विचारतो. मी रोज ‘नंतर’ वर बोट ठेवतो."

"कार्ड की पाकीट?"

"काय?"

"ज्यांनी तुला कळवलं. कार्डावर कळवलं की पाकिटात?"

तुषार या प्रश्नावर हसणार होता. मग त्याच्या लक्षात आलं, कार्ड वाटेत कुणीही वाचू शकतं.

"कार्डावर," तो म्हणाला. "आत शिरायला भोक कुठं आहे ते जाहीर सांगितलंय. सगळ्या जगानं वाचलंय. चोरांनीही."

"दीड महिना?"

"दीड महिना."

"म्हंजे चोराला ठावं हाय, तुला ठावं हाय. ज्येंचं हाय त्येंना तेवढं ठावं न्हाई."

तुषारनं मान खाली घातली. परवाच शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्याची सगळी माहिती चोरांनी कुलूपबंद केल्याची बातमी आली होती. ती त्यानं तीनदा वाचली होती. हे मात्र तो बोलला नाही.

तेवढ्यात शंभर टक्के झाले आणि बाबांचा संगणक उठला. बाबांनी चष्मा पुसला. पडद्यावर पत्रांची रांग उघडली, आणि बाबांनी पहिलं काम काय केलं, तर तो पडदा दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे वळवला.

"मी कुठं वाचतोय?" तुषार जरा दुखावला.

"तू वाचणार न्हाईस. तरीबी." बाबांनी खुर्ची वळवून घेतली. "घरात बोलता येत न्हाई ते बाया लिवतात हितं."

मग ते बोलू लागले, तुषारकडे न पाहता.

"वरच्या वाडीत अनसूया होती. तिच्या माह्यारचं कार्ड आलं. आईचं दुखणं वाढलं आहे, पत्र मिळताच निघणे. मी घेऊन गेलो. बघतो तर दारात तोरण, लेकीचं बारसं. पाळणा बांधल्याला, बाया गात हुत्या. ती हसत हसत बाहेर आली, हातावर घुगऱ्या ठेवल्या माझ्या..."

ते थांबले.

"मग?"

"कार्ड पिशवीतच ठेवलं. आजचा दिस हसू दे तिला, म्हटलं. उद्या देऊ."

"तुमचं मन चांगलंच होतं, बाबा."

"व्हय. लई चांगलं हुतं." बाबा हळूच म्हणाले. "दुसऱ्या दिशी दिलं. ती पोचली तवा माणसं नदीवरनं परतत हुती. म्हातारी आदल्या सांजंपतुर दाराकडं बघत हुती म्हणं."



"ती रागावली?"

"न्हाई. पंधरा दिसांनी परत आली. मला म्हणाली, दादा, कार्ड कवा आल्तं? म्या खरं सांगितलं. ती म्हणाली, बरं. आन् माझ्यासाठी च्या टाकला." बाबांनी डोळे टिपले, उघड, न लपवता. "त्यो च्या अजून उतरला न्हाई रं खाली."

मग त्यांनी चष्मा नीट केला.

"आमच्या दगडू सुताराचं नाव हाय का तुझ्या त्यात?"

"आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. आज दुपारच्या पाळीला आहे."

"हे दार त्यानंच केलंय."

तुषारनं पुन्हा दाराकडे पाहिलं. मग पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला. इस्पितळाच्या सर्व्हरला तो इथूनही जोडता येई.

"सगळ्याची एक प्रत कालच काढून ठेवलीय. गेल्या वेळी तीच नव्हती," तो स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाला. मग त्यानं इस्पितळात फोन लावला.

"दळवी सिस्टर, सकाळची पाळी सुटली? दुपारच्या पेशंटची माहिती जरा कागदावर काढून घ्याल? आणि झालं की मला सांगा. अर्धा-पाऊण तास सर्व्हर बंद ठेवतोय. कदाचित जास्त..."

पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "एवढंच ना? घेते की. अहो, गेल्या वेळी आधी सांगितलं असतंत तर तेव्हाही घेतली असती."

तुषारनं फोन ठेवला. सहाशे अकरा दिवस ज्याला तो भीत होता, त्यावर उपाय म्हणजे सिस्टरना आधी एक फोन. हे त्याच्यापासून कुणी लपवलं नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं.

दहा मिनिटांनी सिस्टरांचा निरोप आला, कागद तयार आहेत.

"करू?"

बाबा उठले, आले आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. वय झालेल्या माणसाला असं खाली बसणं सोपं नसतं.

"कर. मी हाय हितं."

अपडेट बसलं. मग सर्व्हर बंद झाला. तुषारच्या पडद्यावर इस्पितळ दिसेनासं झालं.

पाच मिनिटं. उत्तर नाही.

दहा मिनिटं. उत्तर नाही.

तुषार पुन्हा पुन्हा जोडून पाहत होता. "बाबा, त्या दिवशी असंच झालं होतं..."

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला. सगळं ठीक होईल, असं ते म्हणाले नाहीत. तसं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं ते बोलत नाहीत.

"न्हाईच उठला तर?" त्यांनी विचारलं.

"तर प्रत आहे. दुसऱ्या मशीनवर चढवीन. तोवर सिस्टरांचे कागद आहेत." बोलता बोलता तुषारचा श्वास जरा संथ झाला. "दगडूकाकांचं डायलिसिस थांबणार नाही."

"मग बस."

दोघं बसून राहिले. शेळी आत येऊन पाहून गेली.

एकोणिसाव्या मिनिटाला पडद्यावर एक ओळ उमटली. मग दुसरी. मग भराभर.

फोन वाजला. "आलं हो साहेब," दळवी सिस्टर म्हणाल्या. "एक प्रिंटर तेवढा रुसलाय, तो उद्या बघा. सुतारकाका पलंगावर आडवे झालेत, त्यांचं लावते आता."

तुषारनं फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडत होता. बाबांनी रडू दिलं. उठून चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

चहा होईपर्यंत तुषारनं सवयीनं तो आकडा उघडला. सर्व्हर सलग किती दिवस चालू आहे, ते तिथं दिसतं.

"बाबा... शून्य झालं."

"मग आता मोजू नको," बाबा म्हणाले. "च्या घे."

त्यानं चहा घेतला. बाबांनीही घेतला, आणि सगळा प्यायले.

ऊन कलायला लागलं तेव्हा तुषार निघाला. बूट घातले, बाबांच्या पाया पडला. बाहेर पडून त्यानं दार ओढलं, तर ते पुन्हा आपोआप उघडलं. त्यानं पुन्हा ओढलं. दार पुन्हा उघडलं. आत बाबा पाठमोरे बसले होते, भिंतीकडे वळवलेल्या पडद्यासमोर, कुणालातरी दोन बोटांनी उत्तर लिहीत.

"बाबा, दगडूकाकांना सांगून याला एक कडी बसवून घेऊ?"

बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"नको रं. पत्रं लोकांची, घर माझंच हाय."