वाचलं की पुसतं

"पण वाचता तर येईल ना, उस्ताद?"

पिराजीनं विचारलं. दस्तगीर उस्तादांनी मशीनमधून काढलेली तळहाताएवढी पाटी उजेडाकडे धरली. केसासारख्या तांब्याच्या तारांत मोहरीहून बारीक काळ्या कड्या ओवलेल्या...

मिरजेतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुने मिनिकॉम्प्युटर ओळीनं उभे होते. नाव मिनी, अन् एकेक धूड कपाटाएवढं. गिरण्यांनी टाकलेले, भंगारवाल्याच्या घणाखालून महादूनं ओढून आणलेले. महादू उस्तादांचा शिष्य, पिराजीचा थोरला भाऊ. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला.

तेरावं उरकून पिराजी तडक शेडमध्ये आला होता. दादाच्या लाडक्या मशीनचा पंखा एकदा ऐकावा, एवढंच मनात. त्यानं वायर थेट भिंतीत खुपसली.

पंखा फिरलाच नाही. धूर निघाला.

"दादा कशी चालू करायचा, बघितलं नव्हतंस?"

"बघितलं होतं. जरा जरा करून वीज चढवायचा. अर्धा दिवस जायचा." पिराजीनं मान खाली घातली. "मला तेवढा दम निघाला नाही."

"दोघा भावांत दम एकालाच मिळाला होता. तोही घेऊन गेला."

पिराजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उस्तादांनी ते पाहिलं, पण शब्द मागे घेतला नाही.

"मशीन बंद पडली तरी या कड्या विसरत नाहीत," ते म्हणाले. "महादूनं शेवटचं जे लिहिलं, ते यात आहे."

"मग वाचा की!"

"वाचलं की पुसतं."

"आँ?"

"कडीत काय आहे ते कळायला तिला ढकलून बघावं लागतं. ढकलली की ती विसरते. म्हणून मशीन वाचते, अन् त्याच दमात परत लिहिते. तू जाळलास तो परत लिहिणारा भाग. तसा आता मिळत नाही."

"कागदावर उतरवून घेऊ."

"घेऊ. अक्षरं राहतील. त्यानं स्वतः कड्यांत ठेवलेलं जाईल."

पिराजीचं बोट कड्यांकडे गेलं, अन् मागे आलं.

"तुला हाक कशी मारायचा रे तो?" उस्तादांनी विचारलं.

"पिऱ्याऽ..." पिराजी अडखळला. असं नाही. "ए पिऱ्याऽऽ..." असंही नाही. पुन्हा मारली, तर तोंडातून आला तो त्याचा स्वतःचाच आवाज. दादाचा मघापर्यंत कानात होता. त्यानं डोळे मिटून शोधला. सापडेना.

झडप घालून त्यानं पाटी उस्तादांच्या हातातून ओढली आणि छातीशी धरली.

"नको. वाचायचं नाही. दादानं ठेवलंय तसंच राहू दे."

"राहू दे," उस्ताद म्हणाले. "हाक आठवायला गेलास, अन् ती पुसली ना? मग आजपासून त्याची आठवणही काढू नकोस."