झुपकीची शेंग आणि गळकं बूच

एक होती खार. नाव तिचं झुपकी. पाठीवर तीन पट्टे, शेपटी झुपकेदार!

शिवलीलाअक्कांच्या गॅरेजपुढे होता एक लिंब. लिंबाच्या ढोलीत झुपकीची दोन पिल्लं. पिल्लांना लागली भूक. चीं चीं चीं!

"थांबा हं. शेंग आणते," झुपकी म्हणाली.

तिने काल एक शेंग पुरली होती. भुईमुगाची. चांगली तीन दाण्यांची!

झुपकी उतरली सरसर सरसर. बघते तर काय! तिथे उभा मेहबूबमामांचा टेम्पो. शेंग मातीत, वर भलंमोठं चाक.

"टेम्पोदादा, टेम्पोदादा, हल की! शेंग निघत नाही, पिल्लं माझी भुकेली!"

"मी नाही हलणार," टेम्पो म्हणाला. "माझ्या गिअरच्या पेटीत तेल नाही. सगळं गळून गेलं, टप टप टप. तेल जाईल, तर मी हलेन."

तुरु तुरु तुरु. झुपकी गेली तेलाच्या डब्याकडे.

"तेलोबा, तेलोबा, जा की! टेम्पो हलत नाही, शेंग निघत नाही, पिल्लं माझी भुकेली!"

"मी नाही जाणार," तेल म्हणालं. "पेटीच्या तळाला भोक उघडं. वरून जाईन, खालून गळेन. बूच बसेल, तर मी जाईन."

तुरु तुरु तुरु. झुपकी गेली लोखंडी बुचाकडे.

"बुचोबा, बुचोबा, बस की! तेल जात नाही, टेम्पो हलत नाही, शेंग निघत नाही, पिल्लं माझी भुकेली!"

"मी नाही बसणार," बूच म्हणालं. "जुना वायसर झिजला, म्हणून तर तेल गळलं! नवा वायसर चढेल, तर मी बसेन."

वायसर म्हणजे तांब्याची गोल चकती. मधे भोक. अंगठीच जणू!

तुरु तुरु तुरु. झुपकी गेली वायसराकडे.

"वायसरभाऊ, वायसरभाऊ, चढ की! बूच बसत नाही, तेल जात नाही, टेम्पो हलत नाही, शेंग निघत नाही, पिल्लं माझी भुकेली!"

"मी नाही चढणार," वायसर म्हणाला. "मला ना हात, ना पाय. अक्का उठतील, तर मी चढेन."

तुरु तुरु तुरु. झुपकी गेली अक्कांकडे. अक्का बसल्या होत्या पालथ्या डब्यावर, गालाला हात लावून.

"अक्का, अक्का, उठा की! वायसर चढत नाही, बूच बसत नाही, तेल जात नाही, टेम्पो हलत नाही, शेंग निघत नाही, पिल्लं माझी भुकेली!"

"कशी उठू गं बाई?" अक्का म्हणाल्या. "पान्याशिवाय बूच पिळू कशाने? पाना आहे मनीच्या पोटाखाली. काढायला गेले, तर बोचकारलं! मनी उठेल, तर मी उठेन."

मनी म्हणजे मांजर. झुपकीची छाती धडधड धडधड! पण वरून आवाज आला, चीं चीं चीं. झुपकी गेली. हळूच गेली.

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ की! अक्का उठत नाहीत, वायसर चढत नाही, बूच बसत नाही, तेल जात नाही, टेम्पो हलत नाही, शेंग निघत नाही, पिल्लं माझी भुकेली!"

मनीने एक डोळा उघडला. "मी नाही उठणार. पाना तापलाय उन्हाने. पोट कसं छान शेकतंय! मी कुणासाठी उठत नसते."

आणि डोळा मिटला.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नाही. मग झुपकीनेच शेपटी फुलवली. घातली मनीच्या नाकात. गुदु गुदु गुदु!

आँऽक् छीं!

मनी उडाली हातभर. धावली झुपकीमागे. झुपकी लिंबावर सरसर सरसर! मनी राहिली खाली, मिशा पुसत.

मग काय!

मनी उठली, अक्का उठल्या. पाना घेतला, फडकं घेतलं. भोक पुसलं लख्ख. वायसर चढला टिच्च. बूच आधी हाताने फिरवलं, गर गर गर. मग पान्याने पिळलं, कर्र कर्र कट्ट!

"बास," अक्का म्हणाल्या. "सैल ठेवलं तर गळेल. फार पिळलं तर आटे तुटतील."

वरच्या भोकातून तेल गेलं, गुडूप गुडूप गुडूप. भरत भरत काठाशी आलं. वरचं बूचही बसलं, नवा वायसर घालून. कर्र कर्र कट्ट!

"अक्का, गळतंय का हो?" मेहबूबमामांनी विचारलं.

"वाका आणि बघा की, मामा!"

मामा वाकले. खाली बघितलं, वर बघितलं. बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत!

"वा अक्का, वा! एक थेंब नाही!"

मामा चढले. घुर्र घुर्र घुर्र! टेम्पो हलला. चाक सरकलं. झुपकीने माती उकरली, खर खर खर. निघाली शेंग! शेंग तोंडात धरून झुपकी चढली सरसर सरसर.

कट्ट! शेंग फुटली. एक दाणा ह्याला, एक दाणा त्याला. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, झुपकीला!

कुटूम कुटूम कुटूम.

दाणे गेले पोटात, गोष्ट आली ओठात!