पुरानंतरची नाव

नदीकाठी कुसवडे नावाचं एक गाव होतं. होतं म्हणजे, पूर येईपर्यंत होतं. पाणी ओसरलं तेव्हा निम्मी घरं बसलेली, गोठे रिकामे, आणि ठकूबाई भोईण चालवायची ती गावाची एकुलती एक नाव वाहून गेलेली. गावाची सगळी शेतं नदीपलीकडे. पलीकडच्या सारोळ्याच्या लोकांनी शाळूचं बी काढून ठेवलं होतं, घेऊन जा आणि पेरा, असं काठावरून ओरडून सांगितलंही होतं. नाव तेवढी त्यांच्याकडेही नव्हती. पण नदी ओलांडायची कशी? जमिनीतली ओल उडाली की पेरणी गेली, आणि पेरणी गेली की अख्खं वर्ष उपाशी.

अशात पेठेतला माणकशेट व्यापारी आला. चावडीपुढे उभा राहून म्हणाला, "मी या गावाला नाव देतो."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठकूबाई तर वल्हं शोधायला पळाली.

दुसऱ्या दिवशी शेट नवीकोरी नाव घेऊन आला खरा, पण आधी त्यानं एक पाटी उतरवली. पाटीवर लिहिलं होतं, 'माणकपूर'. आजपासून गावाचं हेच नाव. कबूल असेल तर पाण्यातली नाव तुमची, नाहीतर ती परत जाईल.

म्हातारे पाटील म्हणाले, घ्या बाबांनो, उपाशी माणसाला कुठलंही नाव चालतं. बऱ्याच माना डोलल्या. त्यांना दोष कसा द्यायचा? पोरं भुकेली होती. मला राग येतो तो शेटचा. बुडणाऱ्याला हात द्यायचा तर द्यावा, आधी त्याच्या अंगावरचा सदरा मागू नये.

ठकूबाई पुढे झाली. "शेटजी, नदीचा पूर आत्ता कुठं ओसरलाय. हा दुसरा पूर आम्हाला नको. वाहून गेली ती पाण्यातली नाव. गावाचं नाव आहे तिथंच आहे."

शेट हसला. म्हणाला, मग जा पोहत.

ठकूबाईनं पदर खोचला आणि स्वतःच्या पडक्या घराचे वासे ओढून आणले. ज्यांच्यावर उद्या छप्पर चढायचं, तेच वासे. बायकांनी रिकाम्या घागरींची तोंडं चामड्यानं आवळली, वाशांखाली बांधली, आणि तराफा तयार केला. मग पाटीलही आपल्या घराची तुळई घेऊन आले.

मधल्या धारेत तराफा गरगरला. दोन वासे सुटून गेले. ठकूबाईनं दातओठ खाऊन बांबू रोवला आणि तराफा काठाला लावला. सारोळ्याची माणसं कमरेइतक्या पाण्यात हात पुढे करून उभी होती. त्यांनी बी दिलं, बैल दिले, आणि बदल्यात काही मागितलं नाही.

मागून शेटची हाक आली, "निम्मं तरी ठेवा! कुसवडे-माणकपूर म्हणा, तेवढ्यावर देतो!"

कुणी वळून पाहिलं नाही. कुसवड्याची पेरणी सुरू झाली होती.

तात्पर्य: मदत घेण्यात कमीपणा नाही; पण जी मदत आपली ओळख पुसायला सांगते, ती कितीही गरज असली तरी ताठ मानेनं नाकारावी.