केरबाचा अंगठा

माघ वद्य सप्तमी, शके अठराशे चौऱ्याहत्तर. पहाटे कडक थंडी, आकाश स्वच्छ. दिवस वर आल्यावर कोरडा वारा सुटला आणि दुपारनंतर माळभर धूळ झाली.

एवढं पक्कं आहे, कारण त्या दिवशी ढवळमाळावर लग्न होतं आणि लग्नाची तिथी कोणी विसरत नाही. बाकीचं ऐकीव आहे. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते गेले, आणि त्यांनी ज्यांना सांगितलं तेही आता काठी टेकत चालतात.

त्या काळी ढवळमाळावर धनगरांची तीसेक घरं होती. पाऊस बेताचा, झाडं थोडी, गवत वर्षातले चार महिने. माणसं मेंढरांवर जगत आणि मेंढरं कुत्र्यांवर, कारण माळाच्या पलीकडच्या खोऱ्यात लांडगे होते. तिथं केरबा कोकरे राहायचा. उंच, काटकुळा, कमी बोलणारा. मेंढीच्या पोटाला कान लावून तिनं कोणत्या बांधावरचं गवत खाल्लं ते तो सांगायचा, असं म्हणतात. कोवळा पाला खाऊन मेंढीचं पोट तट्ट फुगलं की त्याला फुगी म्हणत, आणि फुगी चढली की लोक केरबालाच बोलवत. तो मेंढीला गोडं तेल पाजायचा, हळूहळू फिरवायचा आणि वाट बघायचा. वाट बघण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुपारपर्यंत पोट उतरायचं आणि मेंढी चरायला लागायची. केरबानं हात लावलेली एकही मेंढी फुगीनं मेली नाही, असं म्हणतात.

त्याची कुत्री होती भुरी. तिनं एकटीनं दोन लांडगे परतवले होते आणि त्यात अर्धा कान गमावला होता. कळपापाशी भुरी आहे म्हटल्यावर केरबा घोंगडी तोंडावर ओढून झोपायचा.

त्या सकाळी भुरीनं हळदीच्या जेवणातलं उरलंसुरलं मन मानेल तेवढं खाल्लं, वर भरपूर पाणी प्याली आणि कळपामागं पळत सुटली. घटकाभरानं ती माघारी आली. मान ताणायची, पोट आत ओढायची, ओकायला बघायची, पण फेसाशिवाय तोंडातून काही पडत नव्हतं. बसायची आणि लगेच उठायची. पोट डोळ्यांदेखत वाढत होतं. केरबानं त्यावर बोटानं टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

फुगी आहे, असं त्यानं ठरवलं. तेल पाजलं, गळ्यात दोरी घातली आणि घराभोवती तिला फिरवायला लागला.

त्याची बायको इठाबाई लग्नघरी निघाली होती, ती लुगडं सावरत थांबली. तिनं भुरीचा ओठ वर करून बघितला. आतली हिरडी चुन्यासारखी पांढरी होती.

"अवो, ती मेंढी न्हाई," ती म्हणाली. "उचला तिला. डाक्टरकडं न्या."

"थांब गं. तेल उतरू दे पोटात."

जनावरांचा दवाखाना तालुक्याच्या गावी होता. सांगणारे अकरा कोस सांगतात. रस्ता पाच कोसांचा आहे. इठाबाईनं त्याला तीनदा सांगितलं, असं म्हणतात. तिन्ही वेळा तो थांब म्हणाला. तिकडं लग्न लागलं, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. दिवस डोक्यावर आला तेव्हा भुरीचे पाय दुमडले आणि ती पुन्हा उठली नाही. मग केरबानं तिला खांद्यावर घेतलं.

पहिल्या कोसाला ती कोकराएवढी जड होती, दुसऱ्या कोसाला मेंढीएवढी. तिसऱ्या कोसाला ती गाईएवढी झाली आणि केरबाची पावलं रस्त्यात रुतायला लागली. चौथ्या कोसाला त्याला वाटलं, आपण माळच उचलून चाललो आहोत. पाचव्या कोसाला तिचं ओझं लागेनासं झालं, आणि तेव्हा तो घाबरला. दवाखाना उघडा सापडावा म्हणून सूर्य एका बाभळीच्या शेंड्यात अडकून राहिला, असं म्हणतात.

दवाखान्यात सबनीस डॉक्टर होते. त्यांनी भुरीच्या पोटावर हात ठेवला आणि कधीपासून असं आहे ते विचारलं. सकाळपासून, केरबा म्हणाला. डॉक्टरांनी कंपाउंडरला सुई काढायला सांगितली आणि काम करता करताच ते बोलले. हिचं पोट नुसतं फुगलेलं नाही, आतून पिळलंय. याला तेल चालत नाही आणि फिरवणंही चालत नाही. सकाळीच आणायला हवी होती.

सुई हातात येईपर्यंत भुरी गेली होती.

त्या पंधरवड्यात लांडग्यांनी केरबाची अठरा मेंढरं नेली. तो काठी घेऊन उठलासुद्धा नाही. लोक समजूत घालायला येत. कोणी म्हणे, कुत्रंच होतं की. ज्याच्या तोंडून हे वाक्य आलं त्याच्या दारात केरबा परत गेला नाही, आणि वर्षभरात त्याला जायला फारशी दारं उरली नाहीत.

उरलेली मेंढरं त्यानं मेव्हण्याच्या हवाली केली. दर बाजारच्या दिवशी तो पाच कोस चालत जाई आणि दवाखान्याच्या पायरीवर बसे. डॉक्टरांना तो एका दिवशी एकच प्रश्न विचारी: वाट बघत बसायचं कधी आणि उचलून आणायचं कधी? त्याला लिहिता येत नव्हतं. चालता चालता चातीवर लोकर कातायची सवय होती, त्या लोकरीचा त्यानं दोर वळला आणि उत्तर मिळालं की दोराला गाठ मारली. बसायचं असेल तर काळ्या लोकरीची, उचलायचं असेल तर पांढरी.

कुत्र्याच्या हिरडीवर अंगठा दाबायचा आणि सोडायचा. लाली लगेच परतली तर काळी गाठ, पांढुरकी राहिली तर पांढरी. एकदा ओकून शेपूट हलवत भाकरीकडं बघितलं, तर बसा. ओकायला येतंय पण पडत काही नाही, तर उचला. निजल्या जागी धाप लागलीय, मुतायला बसतंय पण थेंब येत नाही, आकडी थांबत नाही, लांडग्यासाठी टाकलेलं विषाचं मांस खाल्लंय, तर चप्पल शोधत बसू नका. कुत्री कळा देतेय, दोन घटका झाल्या आणि पिल्लू आलं नाही, तर उचला. काळ्या गाठी थोड्याच होत्या, पांढऱ्या वाढत गेल्या.

सुरुवातीला त्याला सगळीच कुत्री मरायला टेकलेली दिसत. शेजारच्या सोमा लवट्याचा कुत्रा गवत खाऊन ओकला, तर केरबानं त्याला खांद्यावर टाकून पाच कोस पळत नेलं. डॉक्टरांनी कुत्र्याला भाकरी दिली. त्यानं ती खाल्ली आणि दुसरी मागितली. माघारी आल्यावर सोमा बायाबापड्यांसमोर म्हणाला, "तात्या, पुढच्या बाजारी मला न्या. मलाबी जरा मळमळतंय."

सगळे हसले. केरबानं दोराची एक गाठ सोडली आणि दुसऱ्या लोकरीची मारली.

पुढं मात्र बारा गावांची माणसं त्याच्याकडं यायला लागली. तो कुत्र्याच्या तोंडात अंगठा घालायचा आणि दोनपैकी एकच शब्द बोलायचा, बसा किंवा उचला. तिसरा शब्द कोणी ऐकला नाही. डोंगरापलीकडं एखादं कुत्रं अखेरीला लागलं की केरबाच्या अंगठ्याचं नख आपोआप पांढरं पडे, आणि तो भरल्या ताटावरून उठे, असं म्हणतात. आजारी कुत्री मालकाला सोडून स्वतःच त्याच्या दारात येऊन बसत, असंही म्हणतात.

पण उचललेल्यांतली निम्मी वाटेतच जात. लोक तोवर थांबून मगच त्याच्याकडं येत. एक दिवस वाट बघितली, म्हणत, आणि केरबाचा चेहरा बघून पुढचं गिळत. वाचलेल्या कुत्र्यांची नावं त्यानं कधी घेतली नाहीत. गेलेल्यांची त्याला पाठ होती, आणि इठाबाई सांगायची की झोपेत तो तीच म्हणत असे.

अशी बारा वर्षं गेली. तेराव्या वर्षी आश्विनातली कातरण आली.

मेंढरांची लोकर कातरायचा दिवस म्हणजे ढवळमाळावर सणच. पण त्या दिवसाला एक नेम होता: पहिली कात्री लागली की शेवटचं मेंढरू होईपर्यंत थांबायचं नाही. अर्धा कातरलेला कळप सोडला तर बिरोबाचा कोप होतो, अशी समजूत होती. दुसरा नेम बाराही महिने होता: दुसऱ्याच्या दारचं कुत्रं मालकाच्या शब्दाशिवाय उचलायचं नाही. कळपाचा राखणदार पळवणं हे मेंढरू पळवण्याहून वाईट धरत.

त्या दिवशी सोमा लवट्याकडं कातरण होती आणि त्याची कुत्री टिकली पहाटेपासून कळा देत होती. केरबा आला तेव्हा दोन घटका उलटून गेल्या होत्या. पिल्लू नव्हतं. अंगठ्याखाली हिरडी लाल होती, पण लाली सावकाश परतत होती.

"उचला," केरबा म्हणाला.

सोमाच्या दोन पायांत मेंढी आणि हातात कात्री होती. त्यानं वर बघितलं नाही. "तात्या, पहिलटकरीण हाय ती. माझी बायको दोन दिस अडली हुती, तिला कुणी खांद्यावर घ्यून पळालं न्हाई."

माणसं हसली. केरबानं पुन्हा सांगितलं. सोमा म्हणाला, एवढी दहा मेंढरं होऊ द्या. दहा झाली. मग आणखी दहा म्हणाला. केरबा टिकलीजवळ मांडी घालून बसला, अंगठा हिरडीवर ठेवून. दाबायचा आणि सोडायचा. प्रत्येक वेळी लाली थोडी उशिरा यायची. समोर लोकरीचे ढीग वाढत होते. त्याच्या हातात ते कुत्रं होतं आणि उचलायचा शब्द त्याच्याकडं नव्हता. दुसऱ्यांच्या दारात बसून बारा वर्षं हेच बघत आलोय, असं तो तेव्हा पुटपुटला, आणि शेजारी लोकर वेचणाऱ्या बाईनं ते ऐकलं.

लाली परतायची थांबली. केरबा उठला. टिकलीला त्यानं घोंगडीत घेतलं आणि खांद्यावर टाकलं.

सोमानं मेंढी सोडली नाही, पण कात्री थांबली. "माझ्या शब्दाबिगर न्हेतोस व्हय? मग परत ह्या माळावर पाय ठिवू नगंस."

केरबा तोवर वाटेला लागला होता.

तो पासष्टीला आला होता. तरी त्याला जाताना ज्यांनी पाहिलं ते म्हणत की त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. टिकलीचं दूध त्याच्या पाठीवरून रस्त्यावर थेंब थेंब पडत गेलं, आणि जिथं ते पडलं तिथं चैत्रातसुद्धा हिरवळ असते, असं म्हणतात. तिसऱ्या कोसाला टिकली मेली. ते त्याला कळलं. तो थांबला नाही, वळला नाही, खांदा बदलला नाही. उरलेले दोन कोस त्यानं मेलेली कुत्री वाहिली आणि दवाखान्यातल्या टेबलावर ठेवली.

सबनीस डॉक्टर आता म्हातारे झाले होते. त्यांनी बघितलं. "केरबा, ही गेलीय."

"ठावं हाय. कवा उचलाय पायजे हुती, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी घोंगडीचं टोक टिकलीच्या तोंडावर ओढलं. मग म्हणाले, "सकाळी."

केरबानं गळ्यातला गाठींचा दोर काढून टेबलावर ठेवला आणि तो बाहेर पडला. तो ढवळमाळावर आला नाही. कुठंच आला नाही. कोणी म्हणतं, त्यानं ओढ्याच्या डोहात उडी घेतली. कोणी म्हणतं, तो दवाखान्याच्या वाटेवरच धूळ होऊन गेला आणि म्हणून तिथली धूळ कधी बसत नाही. इठाबाईनं यातलं काहीच मानलं नाही. मरेपर्यंत ती रोज एक भाकरी जास्त थापायची आणि दिवस मावळला की दारात येईल त्या कुत्र्याला घालायची.

पुढच्या कातरणीला सोमा लवटे कात्री घेऊन बसला आणि त्याला पहिलं मेंढरू धरता येईना. त्यानं कात्री दगडावर पालथी ठेवली. मग तो उठून घरोघर हिंडला आणि दिसेल त्या कुत्र्याच्या तोंडात अंगठा घालून बघत राहिला. काय बघायचं ते त्याला माहीत नव्हतं. शेवटी तो इठाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकी, मला शिकवा."

तिनं त्याला बराच वेळ उभं ठेवलं. मग शिकवलं.

तेव्हापासून ढवळमाळावर कातरणीच्या सकाळी सगळ्या कात्र्या दगडावर पालथ्या ठेवतात. वस्तीतली सगळी कुत्री पारापाशी आणतात आणि केरबाचं नाव घेऊन एकेकाच्या हिरडीवर अंगठा दाबतात. सगळी बघून झाल्याशिवाय मेंढराला कात्री लागत नाही. उचलायचं निघालं तर मालकाला विचारत नाहीत, आणि कातरण सुरू झालेली असली तरी थांबवतात. अर्ध्या अंगाची मेंढरं मग तशीच माळावर फिरतात.

गेल्या आश्विनात एकेचाळीस कुत्री बघितली. चाळीस बरी होती. हणमा लवट्याच्या चार वर्षांच्या काळ्या कुत्र्याची हिरडी पांढरी निघाली. सव्वासात वाजता त्याला जीपमध्ये घातलं. आठला पाच मिनिटं कमी असताना जीप दवाखान्यात पोचली. सव्वानऊला कुत्रा मेला.