बाकावर राहिलेलं वाक्य

“पण ते वाक्य माझं होतं, टॅबिथा. त्याच्या तोंडात गेलंच कसं?”

टॅबिथाने मान वर केली नाही. ती चुलीपाशी बसून सलगम चिरत होती.

“कोणाच्या तोंडात?”

“ओबडायाच्या. आत्ता, सभेत. तू ऐकलंस ना?”

“ऐकलं. बरं बोलला.”

झालं. जूडिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही माणसं कोण ते आधी सांगायला हवं. गोष्ट इंग्लंडातली, साडेतीनशे वर्षांमागची. तिथे तेव्हा क्वेकर नावाचा एक नवा पंथ निघाला होता. त्यांच्यात ना पाद्री, ना प्रवचन, ना घंटा. रविवारी सगळे एका साध्या खोलीत बाकांवर मूग गिळून बसायचे. ज्याला आतून हाक येईल त्याने उठावं, बोलावं आणि खाली बसावं. मग तो जमीनदार असो की मोलकरीण. बाई उठली तरी कपाळाला आठी घालायची नाही. घरून घोकून आणलेलं मात्र बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक. आणि ही मंडळी सगळ्यांना अरे-तुरे करायची, आपण आईला करतो तसं. न्यायाधीशालासुद्धा. त्यापायी बरेच जण तुरुंगाची हवा खाऊन आले होते.

टॅबिथा त्यांच्यातली जुनी बाई. कुणी तिला गुरू म्हटलं असतं तर तिने त्याला चुलीसाठी लाकडं आणायला पाठवलं असतं. तरी लोक अडलं की तिच्याकडेच यायचे.

जूडिथ मोठ्या घरची. लॅटिन, ग्रीक तोंडपाठ. भाऊ एडमंड हौशी माणूस, त्याच्याकडे आठवड्याला विद्वानांची पंगत बसायची आणि देव, आत्मा, सृष्टी असल्या गोष्टींवर वाद झडायचे. घरातल्या बायकांनी मद्याचे पेले भरायचे आणि बाहेर जायचं.

पण त्याआधी, दुपारी, एडमंड पुस्तकांच्या खोलीत बहिणीकडे यायचा. “जूडी, तो अमुक म्हणाला तर मी काय म्हणू?”

जूडिथ सांगायची. रात्री तो तेच मेजावर बोलायचा, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायचा आणि वाहवा घ्यायचा. दाराआड भरतकाम करत बसलेल्या जूडिथला ती वाहवा ऐकू यायची. सुरुवातीला आनंद व्हायचा. पुढे पुढे सुई बोटात जायला लागली.

म्हणून हिवाळा लागल्यापासून ती या सभेत येऊ लागली होती. इथे तरी आपलं आपल्याला बोलता येईल म्हणून. अजून एकदाही उठली नव्हती. आणि आज...

“आज मला खरंच हाक आली होती,” ती म्हणाली. “मी काही घोकून आणलं नव्हतं. ते वाक्य आपोआप वर आलं. छाती धडधडत होती माझी.”

“मग उठली का नाहीस?”

“उठणारच होते. एक शब्द नीट बसत नव्हता. मग वाटलं, ग्रीकांचा एखादा दाखला जोडला तर...”

“आणि तोवर ओबडाया उठला.”

“तोवर तो उठला.”

“काय म्हणाला तो? माझे कान जरा मंद झालेत.”

टॅबिथाचे कान चांगले शाबूत होते. जूडिथने ओठ मुडपले आणि पिंपं बनवणाऱ्या ओबडायाची नक्कल केली. “‘काही... काहीच मेलेलं नसतं. हिवाळ्यात वाटतं तसं. पण... पण नसतं.’ एवढंच. तेही अडखळत. त्यात किती होतं, टॅबिथा! देवाने केलेली एकही वस्तू निर्जीव नाही, माती नाही, हाड नाही, आणि जे जिवंत आहे ते सुधारू शकतं, म्हणून कुणीच कायमचं नरकात पडलेलं असू शकत नाही. हे सगळं होतं त्यात. त्याने त्याचं पार कडबोळं केलं.”

“पाव फुगला की भट्टीतून काढायचा असतो,” टॅबिथा म्हणाली. “आत ठेवून त्याच्यावर नक्षी काढत बसलं की करपतो.”

जूडिथ एकदम उसळली.

“घरी भाऊ. इथे ओबडाया. माझं बोलणं पुरुषाच्याच तोंडून बाहेर पडायचं, असं वर कुणी ठरवून ठेवलंय का?”

टॅबिथाने सुरी खाली ठेवली.

“घरी कोण थांबलंय तुझ्यासाठी?”

“एडमंड. आज डॉक्टर क्रू जेवायला येतायत, केंब्रिजहून. ते म्हणतात, शरीर म्हणजे मेलेला चिखल. घड्याळासारखं नुसतं चालतं. एडमंडला उत्तर हवंय.”

“ते तुझ्याकडे आहे.”

“आहे. मेलेलं असेल तर त्याला दुखतं कसं? एवढं विचारलं तरी पुरे.”

“सांगशील भावाला?”

जूडिथने शाल घट्ट ओढून घेतली.

“मी त्याला परवाच म्हटलं, या वेळी मीच मेजाशी बसते, मीच विचारते. तर म्हणाला, मग पुस्तकांची खोली बंद करावी लागेल. रागाने नाही हं. माझा हात हातात घेऊन म्हणाला. लोक म्हणतील, फार वाचून हिचं डोकं फिरलं, आणि ते मला ऐकवणार नाही.”

टॅबिथाने चुलीत एक लाकूड सारलं.

“पुस्तकं गेली तर मी काय करू? मला दुसरं काही नाही. नवरा नाही, मूल नाही. तू सांग ना. बोलू की नको?”

...

पातेल्यातलं पाणी खदखदायला लागलं. टॅबिथा बसून राहिली. ही माणसं गप्प बसायला लागली की कुणाच्या बापाला ऐकत नाहीत.

ती शांतता जूडिथलाच सोसेना.

“एडमंड वाईट नाही,” ती म्हणाली. “त्याने कधी हात उचलला नाही. कधी आवाज चढवला नाही. माझं तोंड कुणी दाबलेलं नाही, हे खरं आहे.”

टॅबिथाने पदरासारख्या पुढे बांधलेल्या फडक्याला हात पुसले. जूडिथचा हात हातात घेतला. आणि तिचं बोट सरळ आपल्या तोंडात, जिभेवर ठेवलं.

जूडिथ दचकली. पण हात ओढून घेणं तिला जमलं नाही. बोटाखाली जुन्या जखमेचा एक कडक वण लागला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. टॅबिथा जरा बोबडं बोलते हे तिला माहीत होतं. दात पडले असतील, असं ती समजत होती.

“बाजारात उभी राहून बोलले,” टॅबिथाने सांगितलं. “जास्त बोलणाऱ्या बायकांसाठी त्या गावात एक लोखंडी लगाम होता. डोक्याला पिंजरा, जिभेवर पट्टी. माझ्या डोक्याला तो बसेना. मग लोहार बोलवला.”

जूडिथने बोट मुठीत लपवलं.

“तुझ्यासाठी लोहार कोणी बोलवला, पोरी?”

जूडिथ रडली. मोठ्या घरच्या बायका रडतात तशी नाही, नाक वाहेपर्यंत रडली. टॅबिथाने तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला, पण उगी उगी म्हणाली नाही.

बऱ्याच वेळाने जूडिथने डोळे पुसले.

“डॉक्टरांसमोर शब्दच सापडला नाही तर?”

हे तिने अगदी हळू विचारलं. पण विचारलं, म्हणजे मनाने ती मेजाशी खुर्ची ओढून बसली होती.

“मी अडखळले तर, टॅबिथा? बोलता बोलता थांबले तर? सगळे गप्प होतील आणि माझ्याकडे बघत बसतील.”

टॅबिथाने चिरलेले सलगम पातेल्यात लोटले आणि पळीने ढवळले.

“बसतील तर बसू देत. आम्ही नाही बसलो? सबंध हिवाळा त्या बाकांवर आम्ही तुझीच वाट बघत होतो.”